बॉडी बदलावी का?

खटाव तालुक्यातल्या वडूज गावातला सगळ्यात मोठा फोटो स्टुडिओच्या भिंतीवर नसतो, चौकात असतो. कुणाचा तरी वाढदिवस असतो, कुणाची तरी कुठल्या तरी समितीवर निवड झालेली असते, आणि वीस फूट रुंद, दहा फूट उंच फ्लेक्सवर तो युवा नेता हात जोडून उभा असतो. एवढ्या फोटोला केवढा भारी कॅमेरा लागला असेल, असं पाहणाऱ्याला वाटतं. हिशोब मात्र उलटा आहे.

निरोगी डोळ्याची ताकद ठरलेली असते. एका अंशाचे साठ भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढ्या अंतरावरचे दोन ठिपके आपल्याला वेगळे दिसतात. त्याहून जवळ आले की ते एकमेकांत मिसळतात. रस्त्याच्या पलीकडून, समजा दहा मीटरवरून, हे अंतर सुमारे 2.9 मिलिमीटर भरतं. वीस फूट म्हणजे 6,096 मिलिमीटर. भागाकार केला की आडवे साधारण 2,100 ठिपके येतात, उभे त्याच्या निम्मे. गुणाकार 22 लाख, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही नाही. निकॉनचा डी1 हा कॅमेरा 1999 साली आला तेव्हा तो 2.7 मेगापिक्सेलचा होता. चौकातल्या फ्लेक्सचं काम त्याच्यावर भागलं असतं.

तरीही फ्लेक्सवरचे चेहरे फाटलेले दिसतात. त्याचं कारण कॅमेऱ्यात नाही. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून तेवढा चेहरा कापलेला असतो आणि व्हॉट्सॲपवरून चार मोबाइल फिरून तो डिझाइन करणाऱ्याकडे पोचलेला असतो. प्रत्येक फेरीत फाइल बारीक होत जाते. पन्नास मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोचीही या प्रवासात हीच गत होईल.

नवा कॅमेरा घ्यायला दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस पहिला आकडा मेगापिक्सेलचाच सांगतो, म्हणून सुरुवात इथून केली. अल्बमचा हिशोब फ्लेक्सपेक्षा कडक असतो, कारण अल्बम मांडीवर घेऊन बघतात. बारा बाय अठराच्या पानाला इंचामागे 300 ठिपके धरले तर 3,600 गुणिले 5,400, म्हणजे 1 कोटी 94 लाख ठिपके लागतात. गेल्या आठ-दहा वर्षांतला जवळपास कुठलाही साधा डीएसएलआर 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे 2 कोटी 40 लाख ठिपक्यांचा आहे. करिझ्मा अल्बममध्ये एकच फोटो 36 इंची दुहेरी पानावर पसरला तर त्याच कॅमेऱ्याचे 6,000 आडवे ठिपके इंचामागे 167 भरतात. दोन फुटांवरून बघताना डोळ्याला इंचामागे 145 पुरतात. म्हणजे तिथेही निभावतं.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळाचं माप आहे. 12 वरून 24 वर गेलं की आकडा दुप्पट होतो, पण एका रेषेतले ठिपके फक्त 41 टक्क्यांनी वाढतात. 24 वरून 33 वर गेलं तर 17 टक्के. तुमच्याकडे 2008 सालचा 12 मेगापिक्सेलचा निकॉन डी90 असेल आणि तुम्ही अल्बम छापत असाल, तर फरक दिसेल. 24 वरून पुढे जाण्यासाठी केवळ मेगापिक्सेल हे कारण असेल, तर पैसे खिशात ठेवा.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. वडूजकडच्या लग्नांत फोटोग्राफरची कसोटी गोरज मुहूर्ताला लागते. ऊन उतरलेलं, मांडवात पिवळे हॅलोजन आणि निळसर एलईडी एकत्र, कापडी छत लाल किंवा गुलाबी, आणि अंतरपाट दूर होतो तो क्षण टिपायला हातात किट लेन्स. 18-55ची ही लेन्स 55वर नेली की तिचं तोंड एफ 5.6 पर्यंतच उघडतं. फोटो हलू नये म्हणून शटर एकशे पंचविसांश सेकंदावर ठेवायचं, तर आयएसओ 6400 पर्यंत चढवावा लागतो. मग हिरव्या चुड्याचा रंग मातकट होतो, मुंडावळ्यांच्या मोत्यांवर ग्रेन येतो, आणि घरी कॉम्प्युटरवर ते बघताना फोटोग्राफर ठरवतो की कॅमेरा जुना झाला.

हा ग्रेन येतो कुठून? पावसाच्या पहिल्या थेंबांत अंगणात सारखी घमेली मांडून ठेवली तर एकात सहा थेंब पडतील, शेजारच्यात तीन, तिसऱ्यात पाच. जोराचा पाऊस तासभर झाला की सगळी घमेली सारखीच भरलेली दिसतात. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका असाच प्रकाशकण गोळा करतो. सरासरी शंभर कण मिळाले तर वर-खाली दहाचा फरक पडतो, म्हणजे दहा टक्के. दहा हजार मिळाले तर फरक शंभराचा, म्हणजे एकच टक्का. उजेड कमी असला की शेजारशेजारच्या ठिपक्यांत तफावत पडते, आणि तीच आपल्याला ग्रेन म्हणून दिसते. हा दोष यंत्राचा कमी आणि उजेडाचा स्वभाव जास्त आहे. आजचे चांगले सेन्सर पडलेल्या प्रकाशातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग आधीच टिपतात. उद्या एखाद्या कंपनीने शंभर टक्के प्रकाश टिपणारा सेन्सर केला तरी त्याच आकारात तो फार तर दुपटीने सुधारेल. फोटोग्राफरांच्या भाषेत एक स्टॉप.

सेन्सर मोठा घेतला तर गोष्ट वेगळी. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो. साध्या कॅनन डीएसएलआरमधला सेन्सर साधारण 22.3 बाय 14.9 चा. क्षेत्रफळात अडीचपटींहून थोडा जास्त फरक पडतो आणि तितका प्रकाश जास्त गोळा होतो. ही झेप खरी आहे, पण ती नव्या मॉडेलची नसून मोठ्या सेन्सरची आहे. दहा वर्षांपूर्वीचा फुल फ्रेम कॅमेरा आजच्या छोट्या सेन्सरच्या नव्या कॅमेऱ्याला मांडवातल्या उजेडात सहज मागे टाकतो.

लेन्सकडे बघितलं की मात्र हे सगळे आकडे किरकोळ वाटू लागतात. 50 मिलिमीटरची एफ 1.8 लेन्स, जिला सगळे नुसतं ‘फिफ्टी’ म्हणतात, कॅनन आणि निकॉन दोघांच्याही यादीत सगळ्यात स्वस्त लेन्समध्ये मोडते. एफचा आकडा लहान म्हणजे तोंड मोठं, आणि उजेड त्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. 5.6 भागिले 1.8 म्हणजे 3.1, त्याचा वर्ग सुमारे 9.7. तोच मांडव, तेच शटर, तीच जुनी बॉडी, आणि आयएसओ 6400 वरून 650च्या आसपास खाली येतो. सेन्सरची पुढची पिढी फार तर दुप्पट देणार, आणि ही छोटीशी लेन्स जवळपास दसपट देते. हा हिशोब डोळ्यांसमोर असूनही लोक बॉडीच बदलतात, कारण गळ्यातली बॉडी चार लोकांना दिसते. एफचा आकडा कुणाला दिसत नाही.

फिफ्टीला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. एफ 1.8 ला नवरीच्या डोळ्यावर फोकस असेल तर शेजारी अर्धा फूट मागे उभा असलेला नवरा सॉफ्ट येतो. आहेर करायला आलेल्या बारा पाहुण्यांच्या ओळीला ही लेन्स एवढी उघडून चालत नाही. तिथे फ्लॅशच लागतो. फ्लॅशही समोरून न मारता वर पांढऱ्या छताकडे वळवला तर उजेड मऊ होऊन पसरतो. मंगल कार्यालयात पांढरं छत असतं तेव्हा हे उत्तम जमतं, पण मांडवाच्या गुलाबी कापडावर फ्लॅश मारला की सगळं वऱ्हाड गुलाबी होतं. तशा वेळी फ्लॅशच्या डोक्यावर पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा रबराने अडकवणारे जुने फोटोग्राफर मला नव्या कॅमेऱ्यावाल्यांपेक्षा शहाणे वाटतात.

काही वेळा फोटो सॉफ्ट येतो आणि कारण ना उजेडात सापडतं ना लेन्सच्या तोंडात. डीएसएलआरची रचनाच इथे आडवी येते. लेन्समधून आलेला उजेड 45 अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो आणि वर वळून आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. त्यातला थोडा उजेड आरशामागून खाली, फोकस मोजणाऱ्या वेगळ्या यंत्राकडे जातो. फोटो काढताना आरसा उचलला जातो आणि उजेड सेन्सरवर पडतो. म्हणजे फोकस एका ठिकाणी मोजला जातो आणि फोटो दुसऱ्या ठिकाणी उमटतो. या दोन अंतरांत केसाएवढी चूक असली तरी फोकस डोळ्यावर न बसता कानावर बसतो. कॅमेरा एकदा पडला असेल, किंवा एसटीच्या टपावरून प्रवास झाला असेल, तर ही शक्यता वाढते.

तपासणी सोपी आहे. कॅमेरा तिवईवर लावा, समोर वर्तमानपत्र तिरकं धरा, एकदा भिंगातून बघून फोकस करा आणि एकदा मागच्या स्क्रीनवरून, म्हणजे लाइव्ह व्ह्यूने. स्क्रीनवरून घेतलेला फोटो खणखणीत आणि भिंगातून घेतलेला सॉफ्ट आला, तर बॉडी निकामी झालेली नाही, तिचं गणित हललं आहे. अनेक मधल्या आणि वरच्या मॉडेलांत हे दुरुस्त करण्याची सोय मेनूतच असते. नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये होते. दोन्ही फोटो सॉफ्ट आले तर लेन्स बघा. आणि भुरकट ठिपके प्रत्येक फोटोत एकाच जागी येत असतील तर तो खटावच्या फुफाट्याचा प्रसाद आहे: बैलगाडा शर्यतीच्या मैदानावर उभ्या उभ्या लेन्स बदलली की धूळ सेन्सरवर बसते. त्यावर उपाय सेन्सरची साफसफाई.

शर्यतीचा विषय निघालाच आहे. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं पुसेगावचं मैदान असो की माण-खटावातलं दुसरं कुठलं, बैलजोडीचा मालक आता फोटो मागतो, रील मागतो. इथे साधा कॅमेरा खरोखर अडतो. जोडी ताशी 40 किलोमीटरने पळते असं धरलं तर ती सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. एकशे पंचविसांश सेकंदात नऊ सेंटिमीटर सरकते, म्हणजे शिंगं हललेली येणार. हजारांश सेकंद हवाच. निकॉन डी3500 सेकंदाला पाच फोटो काढतो. दोन फोटोंच्या मधे जोडी सव्वादोन मीटर निघून गेलेली असते, आणि चारही पाय जमिनीवरून सुटल्याचा जो क्षण मालकाला हवा असतो तो बहुधा त्याच फटीत सापडतो. डी500 सेकंदाला दहा काढतो. डी3500 ला फोकसचे 11 बिंदू आहेत, डी500 ला 153. गंमत अशी की डी3500 हा 2018 चा, 24 मेगापिक्सेलचा. डी500 हा 2016 चा, 21 मेगापिक्सेलचाही नाही. शर्यतीसाठी घ्यायचा तो जुना आणि कमी मेगापिक्सेलचाच. कॅननवाल्यांसाठी 2014 चा सेव्हन डी मार्क टू याच पंगतीत बसतो.

पक्ष्यांचं गणित वेगळं. मायणी आणि येरळवाडीचे तलाव पक्षी बघणाऱ्यांना तोंडपाठ आहेत. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात आणि वडूजमधले हौशी कॅमेरेवाले पहाटे बाहेर पडतात. समजा सव्वा मीटर उंचीचा रोहित 150 मीटरवर उभा आहे. 300 मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची सेन्सरवरची उंची अडीच मिलिमीटर. डी90 सारख्या 12 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्यावर साधारण 450 ठिपके पडतील, 24 च्या कॅमेऱ्यात साधारण 640. त्याऐवजी लेन्स 600 ची झाली तर जुन्याच बॉडीत 900. यातलं काहीही न करता पाण्याच्या बाजूने आणखी पुढे सरकावं असं मनात येईल, पण ते करू नका. थवा उडाला की आपल्यामागे आलेल्यांनाही काही मिळत नाही आणि पक्ष्यांची चरण्याची वेळ वाया जाते. आणि सकाळी नऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली की कुठल्याही किमतीचा कॅमेरा त्या थरथरीतून खणखणीत फोटो काढू शकत नाही. तासभर आधी पोचायला पैसे पडत नाहीत.

यंत्र केव्हा बदलायचं, याचं सगळ्यात लख्ख उदाहरण आपल्याच मुलखात आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमाने दोघांनाही झपाटलं. कॅमेरा परदेशातून आणणं हाताबाहेरचं, म्हणून त्यांनी तो घरीच बनवायला घेतला. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून काम पुढे नेलं आणि 1918 मध्ये चालता कॅमेरा तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आला. हेच दामले पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. त्याआधी 1912 मध्ये दादासाहेब फाळके विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. परतल्यावर कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी पैसे लावणाऱ्याला ते दाखवलं. दोघांनीही यंत्रासाठी जिवाचं रान केलं, कारण त्याच्याशिवाय काम होऊच शकत नव्हतं. आपलं कुठलं काम अडलं आहे, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर खरेदी लांबणीवर टाकावी, असं माझं मत आहे. ‘फोटोला क्लॅरिटी नाही’ हे ते वाक्य नव्हे.

आता थोडं बाजाराविषयी, कारण गेल्या काही वर्षांत प्रश्नच बदलला आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनी 2020 नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. सोनीने आपल्या जुन्या ए माउंटचे कॅमेरे 2021 मध्ये थांबवले. पेंटॅक्स एकटा आरशाला धरून आहे. निकॉनचा एफ माउंट 1959 चा, कॅननचा ईएफ 1987 चा. दोन्हींसाठी दशकानुदशकं लेन्स निघाल्या. 2018 मध्ये दोघांनीही आरसा काढून टाकलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले आणि नवं संशोधन सगळं तिकडे गेलं. त्यामुळे आज ‘नवा डीएसएलआर’ घेणं म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वीचं शेवटचं मॉडेल घेणं.

यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. शहरातले फोटोग्राफर मिररलेसकडे गेले आणि त्यांच्या उत्तम बॉड्या, उत्तम लेन्स सेकंडहँड बाजारात आल्या. वडूजसारख्या गावातल्या स्टुडिओला ही पर्वणी आहे. ज्या लेन्सकडे पूर्वी नुसतं बघायचं, ती आता लगीनसराईच्या दोन-चार ऑर्डरींत वसूल होऊ शकते. फक्त घेताना पुढचा रस्ता बघून घ्यावा. कॅननच्या ईएफ लेन्स ॲडॉप्टर लावून नव्या मिररलेसवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सही कंपनीच्या ॲडॉप्टरवर चालतात, पण मोटर नसलेल्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स तिथे हाताने फोकस कराव्या लागतात. डी3500 आणि डी5600 सारख्या छोट्या निकॉन डीएसएलआरवरही तेच. स्वस्तात मिळाली म्हणून एएफ-डी फिफ्टी घेतली आणि ऑटोफोकसच होत नाही म्हणून कपाळाला हात लावला, असं अनेकांच्या बाबतीत होतं.

बॉडी सेकंडहँड घेताना शटर काउंट बघतात, ते योग्यच आहे. डी3500 चं शटर एक लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं, डी7200 चं दीड लाख, डी500 चं दोन लाख. दोन दिवसांच्या लग्नात अडीच हजार फोटो काढणारा आणि हंगामात तीस ऑर्डरी करणारा फोटोग्राफर एका हंगामात 75,000 चा पल्ला गाठतो. त्यामुळे शहरातल्या लग्नाच्या फोटोग्राफरची दोन वर्षांची बॉडी ही हौशी माणसाच्या आठ वर्षांच्या बॉडीपेक्षा म्हातारी असू शकते. शटर बदलता येतं. त्याचा खर्च आधी विचारून किमतीत धरावा.

व्हिडिओ हे तुमचं मुख्य काम असेल तर मात्र मी दुसरं सांगेन. डी90 हा व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर. पण व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जातो आणि फोकसचं ते वेगळं यंत्र आंधळं होतं. कॅननने 2013 मध्ये सेव्हन्टी डीमध्ये सेन्सरवरूनच फोकस करण्याची चांगली सोय आणली, तरी चालत्या नवरीच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवणं यात मिररलेस कितीतरी पुढे आहे. शिवाय बहुतेक डीएसएलआर 29 मिनिटं 59 सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवतात. युरोपात त्याहून जास्त चित्रण करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेऱ्याचा आयातकर लागत असे, त्याचं हे फळ. तेव्हा सिनेमॅटिक व्हिडिओच्या ऑर्डरी परत जात असतील तर नव्या डीएसएलआरवर पैसे घालू नका, सरळ मिररलेस घ्या. बॅटऱ्या मात्र जास्त लागतील. कंपनीच्या प्रमाणित मोजणीनुसार निकॉन डी780 एका बॅटरीत 2,260 फोटो काढतो आणि त्याच तोडीचा मिररलेस झेड6 सुमारे 310. प्रत्यक्षात दोन्ही जास्त काढतात, पण वस्तीवरच्या लग्नात लाइट गेली आणि जनरेटर फक्त मांडवापुरता असला की हा फरक कळतो.

राहिला पैशाचा प्रश्न. 1 जानेवारी 2019 पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला त्याची वजावट मिळते. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या, नोंदणी नसलेल्या स्टुडिओला तो पूर्ण पदरचा भरावा लागतो. हप्त्यावर घेण्याची सोय आता सगळीकडे आहे, पण हप्ता बारा महिने येतो आणि ऑर्डरी येत नाहीत. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे लग्नं जवळजवळ बंद असतात. त्यात पाऊस दगा देऊन गेला, आणि खटावात तो देतोच, तर पुढच्या हंगामातली लग्नं आटोपशीर होतात आणि अल्बमची पानं पहिली कमी होतात. चातुर्मासातले हप्ते खात्यात आधी बाजूला ठेवता येत असतील तरच कर्ज काढावं. त्याआधी पुण्याहून ती बॉडी दोन दिवस भाड्याने आणून एक लग्न करून बघावं. दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी छापून गिऱ्हाइकासमोर ठेवा. त्याला फरक ओळखता आला नाही तर तुमचे पैसे वाचले.

सगळं बघून झाल्यावरही एक कारण उरतं, ज्यासाठी मी कुणालाही बॉडी बदलायला सांगेन. त्याचा फोटोच्या दर्जाशी काही संबंध नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसायला हवीत, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हीकडे उतरतो. मेमरी कार्ड न सांगता मरतं. हौशी माणसाचे येरळवाडीचे फोटो गेले तर तो पुढच्या रविवारी पुन्हा जाईल; लग्नाच्या बाबतीत ती सोय नाही. डी3500, डी5600, कॅनन 1500डी, 200डी, सगळे एका कार्डाचे. निकॉन डी7200, डी500, डी750, कॅनन सेव्हन डी मार्क टू, फाइव्ह डी मार्क थ्री हे दोन कार्डांचे, आणि आता सेकंडहँड बाजारात रास्त भावात मिळणारे. घेताना नाव नीट वाचा: 2015 च्या डी7200 ला दोन कार्डं लागतात, पण त्याच्याच जागी 2017 मध्ये आलेल्या नव्या डी7500 ला एकच लागतं.